अर्धं उत्तर तुझ्याकडे असतं

नववीतच शाळेच्या इतिहास प्रश्नमंजूषेच्या संघात निवड झाली, तुझं खूप खूप कौतुक! पेढे तुझ्या आईने वर आणून दिलेच, आता तू जरा बस माझ्यापाशी. निवड झाल्यापासून तुझा जीव टांगणीला लागलाय, हे तिच्या बोलण्यातून कळलं मला. संघातला तो मुलगा सनावळ्या धडाधड म्हणून दाखवतो, ती दुसरी मुलगी दोन-तीन वर्षं स्पर्धांना जातेय, आणि तुला वाटतंय की आपल्याला पूर्ण असं काहीच येत नाही. हो ना? मग एक गोष्ट मनात पक्की धर. तिघांच्या संघात कुणालाच सगळं पूर्ण येत नसतं. मी शाळेत खेळले, कॉलेजात खेळले, आता शाळांसाठी प्रश्न काढते आणि कधी मंचावर उभी राहून विचारतेही. इतके संघ जवळून पाहिल्यावर मला एकच खूण सांगता येते. जिंकणाऱ्या संघातली मुलं जे अर्धंमुर्धं आठवतंय ते लगेच एकमेकांच्या कानात सांगतात. बाकीची मुलं पूर्ण आठवेपर्यंत गप्प बसतात, आणि तेवढ्यात वेळ संपल्याची घंटा होते.

समज, असा प्रश्न आला: ‘ही सभा आधी पुण्यात भरायची होती. तिथे पटकीची साथ आली म्हणून ती मुंबईत हलवली. ७२ प्रतिनिधी आले. सभा ज्या इमारतीत भरली तिचं नाव काय?’ ऐकताना छातीत धस्स होतं. पण आता तिघं काय करतात बघ. सनावळ्यांवाला म्हणतो, ७२ प्रतिनिधी म्हणजे काँग्रेसचं पहिलं अधिवेशन, २८ डिसेंबर १८८५, अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी. एवढं बोलून तो अडतो, कारण इमारत त्याने कधी पाठ केलेलीच नाही. दुसरी म्हणते, संस्कृत पाठशाळा असं काहीतरी होतं. आणि तू आजोबांबरोबर गोवालिया टँकला फिरायला जातेस, तेव्हा ते बोट दाखवून सांगतात, ‘ही बघ तेजपालची जागा.’ झालं की नाही? गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळा. तिघांपैकी एकालाही एकट्याने हे उत्तर देता आलं नसतं. तू ‘तेजपाल’ एवढंच आठवतंय, बाकी नक्की नाही, म्हणून गप्प बसली असतीस तर प्रश्न शेजारच्या टेबलावर गेला असता.

‘पण ताई, माझं चुकीचं निघालं तर?’ हे तू विचारणार, माहीत आहे मला. त्याला उपाय आहे. आपापसात तीन शब्द ठरवून टाका: खात्री, बहुतेक, अंदाज. कानात सांगताना आधी यातला एक शब्द, मग उत्तर. ‘अंदाज, तेजपाल.’ ‘खात्री, १८८५.’ मग कर्णधाराला कळतं की कुणाच्या बोलण्यावर किती भार टाकायचा. पुष्कळदा दोघांचे ‘अंदाज’ एकाच दिशेला जातात आणि मिळून ‘बहुतेक’ होतात. आणि एक पथ्य पाळा. कानात तिघांनी बोलायचं, पण माइकवर बोलणारा एकच. दोन तोंडांतून दोन उत्तरं गेली तर बहुतेक ठिकाणी पहिलंच धरतात, मग ते चूक असलं तरी.

कर्णधार कोण असावा यावरून तुमच्यात रुसवेफुगवे झालेत म्हणे. मला विचारशील तर ज्याला सगळ्यांत जास्त येतं त्याला कर्णधार करू नका. त्याचं डोकं आठवण्यात गुंतलेलं असतं. जो दोघांचं ऐकून घेतो, घड्याळाकडे लक्ष ठेवतो आणि ठरलेल्या क्षणी ‘आता हेच सांगूया’ म्हणतो, तो कर्णधार. तुमच्या संघात ती तू आहेस असं मला वाटतं. तू धाकट्या भावंडांची भांडणं सोडवतेस तेव्हा बघितलंय मी.

आता अभ्यासाचं. दुकानात ‘दहा हजार प्रश्नोत्तरे’ असली जाडजूड पुस्तकं मिळतात, त्यांच्या मागे लागू नकोस. त्यातली उत्तरं एकमेकांना धरून नसतात, म्हणून टिकत नाहीत. अभ्यास घराच्या दारापासून सुरू कर. तू गिरगावात राहतेस, बाळा. आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासाचा केवढा मोठा भाग या एवढ्याशा वस्तीत घडलाय! चल, माझ्याबरोबर मनाने एक फेरी मार.

केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव आहे, मुंबईतला सर्वांत जुना. टिळक १९०१ मध्ये तिथे येऊन गेले. हेच टिळक १ ऑगस्ट १९२० ला क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात गेले आणि चौपाटीच्या वाळूवर त्यांना अग्नी दिला. आता जरा थांब आणि तारीख परत ऐक. गांधीजींच्या असहकार चळवळीचा आरंभही १ ऑगस्ट १९२० चाच. एक पर्व संपलं आणि दुसरं सुरू झालं ते एकाच दिवशी. ही जोडी लक्षात ठेवलीस की दोन सनावळ्या कायमच्या पाठ होतात, आणि प्रश्न काढणाऱ्यांना अशा जोड्या फार आवडतात. तसाच आणखी एक धागा. २२ जुलै १९०८ ला मुंबईच्या हायकोर्टात टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, वर्षाला एक दिवस. त्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिलेले बॅरिस्टर होते महंमद अली जीना. आणि लॅमिंग्टन रोडला काँग्रेस हाउसच्या आवारात ‘पी. जे. हॉल’ आहे ना, त्यातलं ‘जे’ म्हणजे तेच जीना. गव्हर्नर विलिंग्डनच्या स्मारकाला १९१८ मध्ये त्यांनी मुंबईत विरोध केला, त्याच्या कौतुकाखातर लोकांनी वर्गणी काढून तो हॉल बांधला. गणपतीच्या चाळीतून निघून आपण कुठवर आलो बघ. इतिहास असा एकातून एक निघत जातो, आणि मंचावरही तो तसाच आठवतो.

चौपाटीचं नाव निघालंच आहे तर उषा मेहतांना विसरून कसं चालेल? ८ ऑगस्ट १९४२ ला गोवालिया टँकवर ‘चले जाव’चा ठराव झाला. रातोरात पुढारी पकडले गेले. दुसऱ्या दिवशी अरुणा असफ अलींनी त्याच मैदानावर तिरंगा फडकवला. वर्तमानपत्रांवर बंधनं आली, तेव्हा बातम्या लोकांपर्यंत पोचवायच्या कशा? विल्सन कॉलेजात शिकलेली बावीस वर्षांची ही मुलगी आणि तिचे सोबती यांनी गुप्त रेडिओ चालवला. २७ ऑगस्ट १९४२ ला काँग्रेस रेडिओवरून ४२.३४ मीटरवर पहिलं प्रक्षेपण झालं. पोलिसांच्या हाती लागू नये म्हणून ते सारख्या जागा बदलत. १२ नोव्हेंबरला अखेर पकडले गेले. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली, पण पोलिसांनी कितीही खोदून विचारलं तरी त्यांनी सोबत्यांबद्दल अवाक्षर काढलं नाही. तुझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी मुलगी, तुझ्याच वस्तीच्या आसपास! हे नुसतं उत्तर म्हणून पाठ करू नकोस, जरा मनात राहू दे.

मुलींचं निघालंच आहे तर आणखी दोन ठिकाणं सांगते. जोतिबा आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, हे तुला येतंच. पण त्याच सुमाराला, १८४९ मध्ये, मुंबईत एल्फिन्स्टनच्या तरुण मुलांनी स्थापन केलेल्या स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीने मुलींच्या शाळा सुरू केल्या. त्या मंडळींत दादाभाई नौरोजी होते, आणि पाठीशी गिरगावचे जगन्नाथ शंकरशेठ होते. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली, ती आणणाऱ्या मंडळींतही हेच नाव आहे. दुसरं ठिकाण पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाचं. ११ मार्च १८८९ ला ते चौपाटीजवळ सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी पुण्याला गेलं. गोदूबाई नातू तिथेच शिकल्या, त्याच पुढच्या बाया कर्वे, महर्षी कर्व्यांच्या पत्नी. ‘शारदा सदन कुठे सुरू झालं?’ असा प्रश्न आला की भलेभले पुणे सांगतात. तू चुकू नकोस हं.

आता सिनेमाचं ऐक, कारण त्यातून तुला प्रश्न नीट ऐकायची सवय लागेल. गिरगावात कोरोनेशन सिनेमॅटोग्राफ नावाचं थिएटर होतं. १८ मे १९१२ ला तिथे दादासाहेब तोरण्यांचा ‘श्री पुंडलिक’ लागला. ३ मे १९१३ ला त्याच थिएटरात दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. मग पहिला भारतीय चित्रपट कोणता? ‘पुंडलिक’ वर्षभर आधीचा आहे, पण तो रंगभूमीवरच्या नाटकाचं चित्रण होता, कॅमेरा चालवणारा ब्रिटिश होता आणि फिल्मवरची प्रक्रिया लंडनला झाली. ‘राजा हरिश्चंद्र’ची मांडणी, चित्रण, प्रक्रिया सगळं फाळक्यांनी आणि त्यांच्या मंडळींनी इथे केलं, म्हणून मान त्याला मिळतो. प्रश्नात ‘पूर्ण लांबीचा पहिला भारतीय कथापट’ असं असेल तर एक उत्तर, ‘फाळक्यांच्या आधी वर्षभर त्याच थिएटरात’ असं असेल तर दुसरं. दोघंही दादासाहेब, थिएटर तेच, महिनाही मेच. घाईने बझर दाबणारा संघ इथे हमखास फसतो. मी काढलेला हा प्रश्न मंचावर गेला की मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात, आणि ज्या संघाने शेवटचा शब्द ऐकेपर्यंत धीर धरला, त्याला गुण देताना मला मनापासून आनंद होतो.

पाठ्यपुस्तकाला कमी लेखू नकोस. आपलं दहावीचं इतिहासाचं पुस्तक बघितलंस का? युद्धं आणि तहांऐवजी त्यात इतिहासलेखन आहे, रांके आणि फुको आहेत, कला, प्रसारमाध्यमं, खेळ, पर्यटन, ऐतिहासिक ठेव्यांचं जतन असे धडे आहेत. मुलांना ते रुक्ष वाटतं, कारण चाळीस मार्कांचा पेपर डोळ्यांसमोर असतो. पण प्रश्नमंजूषेला यासारखं पुस्तक नाही. चौथीचं शिवचरित्र, सातवीचा मराठ्यांचा इतिहास, आठवीचा स्वातंत्र्यलढा आणि नववीचा १९६० नंतरचा भारत, ही पुस्तकं वाडीत कुणाकडे ना कुणाकडे पडलेली असतात. गोळा कर. चौकटीतला मजकूर आणि चित्राखालच्या ओळी आधी वाच, कारण परीक्षेला तिथलं फारसं विचारत नाहीत आणि प्रश्नमंजूषेत तिथूनच खूप येतं.

मग प्रश्न स्वतः काढायला शिका. सगळ्यांत जास्त फायदा याचा होतो. तिघांनी आठवड्याला प्रत्येकी दहा प्रश्न काढायचे आणि एकमेकांना घालायचे. ‘तह कधी झाला?’ असला प्रश्न काढायचा नाही. समज, तुला पुरंदरचा तह घ्यायचा आहे. ११ जून १६६५, मिर्झाराजे जयसिंग, २३ किल्ले द्यावे लागले. आता सुरुवात अवघड ठेव आणि हळूहळू सोपं करत ये. आधी अशी खूण दे की फार थोड्यांना कळेल: या तहाच्या वेळी महाराजांना भेटलेला आणि नंतर आठवणी लिहून ठेवणारा इटालियन प्रवासी मनुची. मग मुरारबाजी. मग २३ किल्ले. शेवटी जयसिंगाचं नाव. अमेरिकेत शाळांसाठी ‘हिस्टरी बोल’ म्हणून संघांची स्पर्धा असते, तिथले प्रश्न याच रीतीने वाचतात, अवघडाकडून सोप्याकडे, आणि ज्याला आधी कळलं त्याने मध्येच बझर दाबायचा. संघात चौघं खेळतात. शेवटच्या फेरीत पहिल्या काही ओळींत ओळखलं तर तीस गुण, मग वीस, मग दहा. आपल्याकडच्या स्पर्धा तशा नसल्या तरी सराव त्या पद्धतीने करून बघा. असा प्रश्न काढायचा तर तुला त्या घटनेभोवतीची दहा माणसं शोधावी लागतात, आणि शोधून सापडलेलं माणूस विसरत नाही.

वाचनासाठी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ पासूनचं. तिथे जाऊन बसायची सवय लाव. फोनवर वाचायला माझी हरकत नाही, पण फोनवर एकच ओळ दहा ठिकाणी उतरवलेली असते आणि चूक असली तरी खरी वाटते. एखादी तारीख दोन वेगळ्या पुस्तकांत सापडली तरच वहीत लिही.

भाषेचं एक बोलायला हवं, कारण त्यापायी तू रात्री रडलीस हे मला माहीत आहे. मुंबईतल्या मोठ्या आंतरशालेय प्रश्नमंजूषा बहुतेक इंग्रजीत होतात, आणि आपली मराठी माध्यमाची मुलं उत्तर येत असूनही आवंढा गिळतात. असं करायचं नाही. वहीत प्रत्येक घटनेची दोन्ही नावं शेजारी शेजारी लिही. सविनय कायदेभंग म्हणजे सिव्हिल डिसओबीडियन्स, फाळणी म्हणजे पार्टिशन, तैनाती फौज म्हणजे सबसिडियरी अलायन्स. शे-सव्वाशे नावांत काम भागतं. आणि मंचावर शब्द अडलाच तर सरळ मराठीत उत्तर दे, ताठ मानेने. इतिहासाची प्रश्नमंजूषा घेणाऱ्याला चौथाई आणि सरदेशमुखी कळतेच. उच्चारावरून शेजारच्या टेबलावर कुणी हसलं तर तिकडे बघूसुद्धा नकोस. महाराष्ट्राच्या, मराठ्यांच्या, मुंबईच्या प्रश्नांना तुझं अंगण त्यांच्यापेक्षा मोठं आहे.

मंचावर जायच्या आधीची लेखी फेरी बरीच मुलं गांभीर्याने घेत नाहीत. शंभर संघ बसतात आणि वर साधारण सहा जातात, म्हणजे खरी लढाई तिथेच होते. वीस-पंचवीस प्रश्न असतात. चुकीला गुण कापत नसतील तर एकही जागा कोरी सोडायची नाही. ज्या प्रश्नांपुढे तारा काढलेली असते ते बरोबरी झाल्यावर उपयोगी पडतात, त्यांना जास्त वेळ द्या. एकाने लिहायचं, दुसऱ्याने पुढचे प्रश्न वाचत राहायचं, तिसऱ्याने अडलेल्यांवर विचार करायचा.

बझरच्या फेरीत आधी नियम विचारून घ्या: दाबल्यावर आपापसात बोलता येतं का, चुकलं तर किती गुण जातात? बोलता येत नसेल तर ज्याला खात्री आहे त्यानेच दाबायचा. पुढे असाल तर उगाच धोका पत्करू नका, मागे असाल तर घ्या. प्रश्न पुढे सरकत येण्याच्या फेरीत शेजारचा संघ उत्तर देत असताना तुम्ही काम चालू ठेवायचं, कारण त्यांचं चुकलं की क्षणात प्रश्न तुमच्या पुढ्यात असतो. आणि त्यांनी सांगितलेलं चुकीचं उत्तरसुद्धा एक खूणच असते. ‘ते वसईचा तह म्हणाले, चुकलं, म्हणजे १८०२ नाही. सालबाई, १७८२ असेल का?’ हे कानात बोला.

कधी तुमचं उत्तर बरोबर असूनही प्रश्नकर्त्याच्या कागदावर दुसरंच असेल. इतिहासात हे होतं. शिवजयंती घे. शासन १९ फेब्रुवारी १६३० धरतं, पण जुन्या पुस्तकांत १६२७ सापडेल. राज्याभिषेक ६ जून १६७४ चा, पण रायगडावर तारखेनेही सोहळा होतो आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीच्या तिथीनेही. संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांची संख्या कुठे १०५ वाचशील, कुठे १०६. सार्वजनिक गणेशोत्सव १८९२ मध्ये भाऊसाहेब रंगारींनी सुरू केला की १८९३ मध्ये टिळकांनी, यावर पुण्यात अजून वाद चालतो. अशा वेळी पुढचा प्रश्न सुरू व्हायच्या आत हात वर कर, उभी राहा आणि शांतपणे म्हण, ‘सर, या पुस्तकात असं दिलं आहे, कृपया तपासावं.’ आवाज चढवायचा नाही, मागे बसलेल्या सरांकडे बघायचं नाही. मान्य झालं तर धन्यवाद, नाही झालं तर तिथेच सोडून पुढच्या प्रश्नाला लागायचं. एका गुणाच्या रागात पुढचे तीन प्रश्न घालवणारे संघ मी पाहिलेत.

आता मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते सांगते. स्पर्धा संपल्यावर, विशेषतः हरल्यावर, एक वाक्य तोंडातून काढायचं नाही: ‘मला येत होतं.’ तुला येत होतं आणि तू कानात सांगितलं नाहीस, तर ते संघाला येत नव्हतंच. तू सांगितलंस आणि कर्णधाराने घेतलं नाही, तर तो निर्णय तिघांचा होता. या एका वाक्याने मी चांगल्या जिवाभावाच्या मैत्रिणी तुटताना पाहिल्यात. घरी जाताना बसमध्ये तिघं वेगवेगळ्या सीटवर बसतात, आणि पुढच्या वर्षी तो संघच उरत नाही. म्हणून आजच तिघांनी ठरवा. ज्याच्या हातून चूक झाली त्याला त्या दिवशी काहीही बोलायचं नाही. दुसऱ्या दिवशी वही उघडून, कुठला प्रश्न का गेला ते बघायचं. उलट ज्याने ‘अंदाज’ म्हणून सांगितलं आणि ते बरोबर निघालं, त्याच्या पाठीवर तिथल्या तिथे थाप द्यायची. तुमची ती दुसरी मुलगी अबोल आहे ना, तिला तर जरूर. अबोल मुलांकडे खूप काही असतं, त्यांना कुणी विचारत नाही एवढंच. प्रत्येक प्रश्नाला कर्णधार म्हणून तू आधी तिच्याकडे वळ. ती एरवी आपणहून बोलायची नाही, पण विचारलंस की बोलेल.

राहिलं घरचं. तुझे बाबा म्हणताहेत की पुढच्या वर्षी दहावी आहे, हे खेळ कशाला. त्यांच्याशी वाद घालू नकोस. त्यांना विचार, लहानपणी रेडिओवर बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट ऐकायचात का? आधी हमीद सयानी, मग अमीन सयानी घ्यायचे ती. पुढे टीव्हीवर डेरेक ओब्रायन आले. त्या पिढीतल्या कितीतरी लोकांना त्यातले शाळांचे संघ अजून आठवतात. बाबा आपसूक बोलायला लागतील. मग त्यांना सांग की आठवड्यातून दोन संध्याकाळी सरावाला देईन, गणिताचा क्लास बुडवणार नाही, आणि सहामाहीला मार्क कमी झाले तर तुम्ही म्हणाल ते ऐकेन. हा शब्द दिलास तर पाळ मात्र. पुढे इन्टॅक या संस्थेची हेरिटेज प्रश्नमंजूषा असते, जोडीजोडीने खेळायची, शहरापासून देशपातळीपर्यंत जाणारी. तिच्या तारखेवर शाळेतल्या बाईंना लक्ष ठेवायला सांग. तिघांतले कोणते दोघं जाणार यावरून भांडू नका, तिसऱ्याने प्रश्न काढून सराव घ्यायचा. प्रश्न काढणारा पुढच्या वर्षी सगळ्यांत चांगला खेळतो, हे मी खात्रीने सांगते.

येत्या शनिवारी संध्याकाळी त्या दोघांना घेऊन माझ्याकडे ये. प्रत्येकाने दहा प्रश्न स्वतः काढून आणायचे, निदान तीन गिरगावातले हवेत, आणि प्रत्येक उत्तराशेजारी ते कुठल्या पुस्तकात सापडलं त्याचं नाव हवं. मी चहा टाकते, घड्याळ लावते, आणि तुम्ही तिघं बोलायला लागा.